वानरांसाठी फळझाडं लावताय? आधी टंचाईचे महिने मोजा (सातारा-सांगली)

वेण्णाकाठ

जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळा या पट्ट्यात ग्रामसभेत वानरांचा विषय निघाला की ठराव ठरलेला असतो: जंगलात खायला उरलं नाही म्हणून ती शेतात उतरतात, तेव्हा वर जंगलात फळझाडं लावू. हेतू मनापासूनचा असतो, लोक श्रमदानही करतात. पण लावली जातात ती आंबा, फणस आणि जांभळाची रोपं. ही तिन्ही झाडं पिकणार एप्रिल ते जूनमध्ये, म्हणजे करवंदं-तोरणांनी डोंगर आधीच भरलेला असतो तेव्हा. पोटाला चिमटा बसतो त्या महिन्यांत या लागवडीचा काहीच उपयोग नाही.

टोळी किती मोठी होणार, किती लांब फिरणार, कोणती मादी गाभण राहणार हे सुगीच्या महिन्यावर कमी आणि टंचाईच्या महिन्यात काय हाताला लागतं यावर जास्त ठरतं. म्हणून मोजायचा तो टंचाईचा महिना.

सुरुवातीला एक फरक पक्का करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. तांबूस तोंडाचं, डोक्यावरचे केस टोपीसारखे बसलेलं ते माकड. दोघांची पोटं वेगळी आहेत. वानराचं जठर कप्प्याकप्प्यांचं, त्यात जिवाणू पानांतला तंतुमय भाग आंबवतात. त्यामुळे जून, म्हणजे निबर झालेली पानं, कच्ची फळं, बिया यांवर ते तग धरू शकतं. उलट गोड पिकलेलं फळ, पाव, बिस्किटं भरपूर पोटात गेली तर आंबण्याची क्रिया भडकते, आम्ल वाढतं आणि जनावर आजारी पडतं. माकडाचं जठर साधं, आपल्यासारखं. त्याला फळं, बिया, फुलं, किडे लागतात, नुसत्या जून पानांवर त्याचं भागत नाही. शिवाय त्याला गालात पिशव्या असतात, वानराला नसतात. हा मुद्दा खाली नोंदींच्या वेळी पुन्हा येईल.

म्हणजे एकाच डोंगरावर एकाच महिन्यात वानर जून पानं खाऊन तासन्‌तास बसून राहील आणि माकडांची टोळी मात्र चालत सुटेल. टंचाईला तोंड देण्याचे हे दोन सरळ मार्ग आहेत: हालचाल कमी करून शक्ती राखायची, किंवा जास्त फिरून चांगलं अन्न शोधायचं. कोणता मार्ग परवडेल हे जठर ठरवतं. मध्य प्रदेशातल्या कान्ह्याच्या जंगलातल्या वानरांच्या अभ्यासात वर्षभराच्या आहाराचा साधारण एक तृतीयांश भाग जून पानांचा आणि एक चतुर्थांश फळांचा निघाला होता. "वानर फळं खातं" हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे.

आता आपल्याकडचं वर्ष. जानेवारी ते मार्च सावर, पळस, पांगारा फुलतात. सावरीच्या फुलातला रस माकडं चाटतात, वानरं मांसल कळ्या आणि पाकळ्याच खातात. फेब्रुवारीपासून पिंपळ-वडाला पालवी फुटते. कोवळ्या पानात प्रथिनं जास्त, तंतू कमी, म्हणून वानरांची हीच खरी मेजवानी. "उन्हाळा म्हणजे उपासमार" असं घाटमाथ्याबद्दल सरसकट लिहू नये. उन्हाळ्यात तिथे पाण्याची अडचण असते, अन्नाची तेवढी नसते. एप्रिल-मे-जून फळांचा. जुलैपासून गोड फळ झपाट्यानं आटतं. पाऊस माकडांना किडे देतो, पण वानराला मिळतात ती भरपूर, जून होत चाललेली पानं. ऑक्टोबर ते जानेवारीचा हिशेब खोऱ्याखोऱ्यात बदलतो आणि नेमका तोच आपल्याकडे कुणी मांडून ठेवत नाही.

टंचाई किती खोल असू शकते, याचं मोजून काढलेलं उदाहरण बोर्निओतल्या गुनुंग पालुंगचं आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ओरांगउटानचे नर फळांच्या सुगीत दिवसाला सुमारे ८,४२२ किलोकॅलरी खात होते, टंचाईत ३,८२४. माद्या ७,४०४ वरून १,७९३ वर आल्या. टंचाईच्या महिन्यांत त्यांच्या लघवीत कीटोन सापडले, म्हणजे अंगावरची चरबी जळत होती. जंगल तेच, प्राणी तेच, फक्त महिना वेगळा.

बत्तीस_शिराळा

मुद्दा पटला. पण "मोजा" म्हणजे गावातल्या चार जणांनी नेमकं काय करायचं? चांदोलीच्या बाजूला आमच्याकडे शाळेची मुलं, वनसमितीचे दोघे-तिघे आणि एक दुर्बीण, एवढंच बळ आहे.

वेण्णाकाठ

तेवढं पुरतं. टोळी जिथे फिरते तिथून जाणारी २ किलोमीटरची एक पायवाट ठरवा. तिच्या दोन्ही बाजूंना टोळी खाते त्या जातींची झाडं निवडा, प्रत्येक जातीची किमान १० आणि फळण्याइतकी मोठी. झाडांना क्रमांक द्या. पत्र्याची चकती लावणार असाल तर खिळा पूर्ण ठोकू नका, दोन बोटं बाहेर ठेवा, नाहीतर खोड वाढताना चकती गिळून टाकतं. राखीव जंगल असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. चांदोली-कोयनेचा गाभा व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे शिरायचंच नाही. बफरमध्ये किंवा मालकी रानात काम करा.

दर १५ दिवसांनी त्याच झाडांसमोर उभं राहून सहा गोष्टींना ० ते ४ गुण: कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ, कोवळं पान, जून पान. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे पाव माथ्यापर्यंत, २ निम्म्यापर्यंत, ३ पाऊण, ४ त्यापुढे. महिन्यातून एकदाच गेलात तर काही फळं येऊन संपून जातात आणि वहीत शून्य राहतं.

प्रत्येक झाडाचा घेर एकदाच, जमिनीपासून १.३ मीटरवर सेंटिमीटरमध्ये घ्या. घेराचा वर्ग भागिले १२.५७ केलं की खोडाचं क्षेत्रफळ मिळतं. घेर १८८ असेल तर ३५,३४४ भागिले १२.५७, म्हणजे साधारण २,८१२ चौ. सेंमी, ०.२८ चौ. मीटर. एका जातीच्या सगळ्या झाडांचे सरासरी गुण गुणिले त्या जातीच्या खोडांचं हेक्टरी एकूण क्षेत्रफळ, आणि मग सगळ्या जातींची बेरीज, हा त्या पंधरवड्याचा अन्नाचा आकडा. पिकलं फळ, कच्चं फळ, कोवळं पान यांचे आकडे वेगवेगळे काढा. एकत्र केलेत तर वानराचं आणि माकडाचं वर्ष सारखंच दिसायला लागेल.

उंबरमोळी

वरच्या पद्धतीत वड-उंबराच्या जातींना तीन दुरुस्त्या हव्यात.

पहिली: उंबराचं फळ खोडावर आणि जाड फांद्यांवर झुबक्यांनी लागतं. माथ्याकडे बघून गुण दिलेत तर फळांनी लगडलेल्या झाडाला ० पडतो. उंबरासाठी खोड, मोठ्या फांद्या आणि माथा असे तीन रकाने करा. फळाच्या अवस्थाही तीन लिहा: घट्ट हिरवं, पिवळट, तांबडं मऊ. वानरं हिरवं असतानाच सुरू करतात, माकडं बहुधा पुढच्या अवस्थेची वाट बघतात. दोन्ही टोळ्या असतील तर माकडांच्या वाट्याला काय उरलं, ते या फरकावरून कळतं.

दुसरी: वडाच्या पारंब्या खोडाला चिकटून जाड झालेल्या असतात. टेप फिरवला तर घेर भलताच येतो आणि एक वड अख्ख्या जंगलाचा आकडा ओढून नेतो. वडासाठी माथ्याचा विस्तार दोन दिशांनी पावलांनी मोजून त्याची सरासरी घ्या.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: या जातींची १० झाडं पुरत नाहीत. प्रत्येक झाड आपल्याच वेळापत्रकावर फळतं. फळाच्या आत परागण करणारी इवलीशी माशी एक-दोन दिवसच जगते. तिची पिढी चालू राहायची तर परिसरात कुठलं ना कुठलं झाड तयार असावंच लागतं. म्हणूनच आंबा-जांभूळ संपल्यावरही कुठेतरी एखादा उंबर, पिंपळ किंवा नांद्रुक पिकलेला असतो. टोळीच्या फिरण्याच्या टापूतला अशा जातींचा प्रत्येक वृक्ष नकाशावर हवा, निवडक नमुना चालणार नाही. पेरूतल्या कोचा काशू इथे जॉन टेरबोर्ग यांनी १९८६ मध्ये हेच दाखवलं होतं: टंचाईत फळखाऊ प्राण्यांना तगवणाऱ्या वनस्पती एकूण जातींच्या एक टक्क्याहूनही कमी होत्या आणि त्यांत या वर्गाची झाडं आघाडीवर होती. शिवाय या फळांत कॅल्शियम इतर जंगली फळांपेक्षा बरंच जास्त असतं, अंगावर पाजणाऱ्या मादीला ते हवंच असतं.

एक मोठा उंबर रस्तारुंदीत गेला की त्याबदली दहा आंबे लावल्याचं कागदावर दाखवतात. टोळीच्या दृष्टीने ती भरपाई नव्हेच. हे ग्रामसभेत ठासून सांगितलं पाहिजे.

हिरडा_बेहडा

झाडांचं झालं, आता प्राण्यांच्या नोंदी. दर १५ मिनिटांनी ५ मिनिटांची एक फेरी. डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची, प्रत्येक जनावर दिसल्यावर त्याची पहिली ठरलेली क्रिया लिहायची: खाणं, शोधणं, चालणं, बसणं, इतरांशी व्यवहार. खात असेल तर जात आणि भाग, दोन्ही. सकाळी ६ ते संध्याकाळी ६ अशा दिवसात ४८ फेऱ्या होतात. महिन्यातले ५ पूर्ण दिवस चांगला आधार देतात, पण आकडेमोडीत २४० फेऱ्या म्हणजे २४० स्वतंत्र पुरावे समजू नका. एकाच दिवसातल्या फेऱ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, एकक म्हणून दिवस धरा.

कुठे बिघडतं ते सांगतो:

उघड्या फांदीवर फूल खाणारं जनावर लगेच दिसतं, गर्द पानांत बसून पान खाणारं दिसत नाही. त्यामुळे फुलं-फळं फुगतात, पानं दबतात. प्रत्येक फेरीत किती जनावरं दिसली तो आकडा लिहा आणि टोळीच्या निम्म्याहून कमी दिसली ती फेरी बाजूला ठेवा.

वेळ म्हणजे वजन नव्हे. जून पान चावायला वेळ लागतो, पिकलं फळ चटकन जातं. जमेल तिथे मिनिटाला किती घास घेतले ते मोजा, तसेच पान किंवा फळ १० नग गोळा करून ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि कोरडं वजन धरा. ओल्या वजनात गोड फळाचा बराचसा भाग पाणीच असतं.

पावसाळ्यातले दिवस गाळले जातात. धुकं, जळवा, दुर्बिणीच्या भिंगावर बाष्प, सगळं खरं आहे. पण जुलै ते सप्टेंबर कोरा राहिला तर ज्यासाठी वही घातली तेच हातून जातं. पूर्ण दिवस जमत नसेल तर सकाळचे तीन तास ठरवून घ्या, दर महिन्याला तेच तीन तास. आणि त्या महिन्यांत विष्ठेचा आधार घ्या: हातमोजे आणि मास्क लावून गोळा करायची, पाण्यात भिजवून १ मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायची, बिया आणि किड्यांचे अवशेष वेगळे करायचे. वानराच्या विष्ठेत बी नाही म्हणून फळ खाल्लं नाही असं मात्र लिहू नका, बऱ्याच बिया ते चावून पचवतं.

मेलेलं माकड-वानर दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. माकडताप गोचिडीतून पसरतो, सिंधुदुर्गात २०१६ मध्ये त्याची साथ आली होती. डिसेंबर ते मे पायघोळ कपडे, घरी आल्यावर अंगावर गोचीड तपासणं, यात हयगय नको.

तासगावकर_बागायत

जंगलात फळ नाही म्हणून बागेत येतात, हे तरी खरं ना? आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा जानेवारीपासून उतरतात, तिकडे पाचगणीला स्ट्रॉबेरी डिसेंबर ते एप्रिल. टोळ्या नेमक्या तेव्हाच येतात.

हिरडा_बेहडा

दादा, ते तपासता येतं, आणि तपासल्याशिवाय मानू नये. दोन शक्यता आहेत. एक, डोंगरावर अन्नाचा आकडा पडला म्हणून उतरली. दोन, पीक गोड झालं म्हणून उतरली, डोंगरावर काही का असेना. वरचा पंधरवड्याचा आकडा आणि शेतातल्या भेटींची तारीखवार नोंद शेजारी ठेवा. डोंगर भरलेला असताना, समजा मे महिन्यात, उशिराच्या फडावर तेवढ्याच भेटी होत असतील तर कारण भूक नाही. थोड्या वेळात जास्त साखर मिळते, एवढंच कारण पुरतं. अशा ठिकाणी जंगलात कितीही झाडं लावा, फरक पडणार नाही. तिथे बाजूनेही बंद केलेली जाळी, रानाच्या कडेचे वाफे आधी तोडणं आणि बाद फळं बांधावर न टाकता पुरणं, हेच उपाय. बांधावरचा बाद फळांचा ढीग ही टोळीला रोजची हाक असते.

नोंदीतली गफलतही इथेच होते. माकड वाफ्यात दोन मिनिटं असतं, गालाच्या पिशव्या भरतं आणि बांधावरच्या झाडावर बसून पुढची वीस मिनिटं चघळतं. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना फुगवटा दिसतो, हाताच्या मागच्या बाजूने ते गाल दाबत माल तोंडात सरकवतं. लांबून बघणारा लिहितो "शिरीष, खाणे". पिशव्या भरलेल्या असतील तर झाडाचं नाव लिहूच नका, "गालातलं, मूळ शेत" असा वेगळा रकाना ठेवा.

माणदेशी

घाटाचं गणित आमच्याकडे लावू नका एवढंच सांगायचं. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, माण तालुक्यात ५०० च्या आसपास. अंतर फार नाही, पण वानराचं वर्षच बदलतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत बोरं, फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंच, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि ओढ्याकाठचे वड-पिंपळ. सगळी चांगली झाडं ओढ्याला आणि गावठाणाला चिकटलेली, त्यामुळे टोळ्याही तिथेच. ओढा रुंदीकरणात ती रांग गेली की टोळीला गावाशिवाय जागा उरत नाही.

कृष्णामाई_औदुंबर

एक शंका. टंचाईच्या महिन्यातलं अन्न आपण वाढवलं तर टोळ्याच वाढणार नाहीत का? मग शेतकऱ्याला उलट त्रास.

वेण्णाकाठ

ताई, शंका रास्त आहे. जोधपूरला लोक वर्षभर खायला घालतात. तिथल्या वानरमाद्यांच्या दोन बाळंतपणांतलं अंतर सव्वा वर्षाच्या आसपास आहे आणि पिल्लं बाराही महिने जन्मतात. दक्षिण नेपाळातल्या रामनगरला, जिथे कुणी घालत नाही, तेच अंतर जवळपास अडीच वर्षं आहे आणि जन्म ठरावीक महिन्यांतच होतात, कारण अंगावर मांस चढल्याशिवाय मादी गाभण राहत नाही. तेव्हा अन्न वाढलं की संख्या वाढते, हे नाकारून चालणार नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. पर्यटकांचा पाव-केळी-कणसं हे अन्न रोज, एकाच जागी आणि दाट उष्मांकाचं असतं. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर, सज्जनगडाच्या वाटेवर दिलेल्या खाऊमुळे टोळीचा फिरण्याचा टापू आक्रसतो, ढिगाभोवती मारामाऱ्या वाढतात, कारण ढीग एकाला अडवून धरता येतो. विखुरलेली पानं कुणी अडवू शकत नाही. उंबर या दोन्हींच्या मधे येतो: झाडावर भांडण होतं, पण पंधरा दिवसांत ते झाड संपतं आणि टोळीला पुढच्याकडे चालत जावंच लागतं. आधी खाऊ बंद, मग लागवड, हा क्रम मी सोडणार नाही. खाऊ चालू ठेवून केलेली लागवड नुसती भर घालेल.

माकडांचं वेळापत्रक तर ऋतूला घट्ट बांधलेलं आहे. माजाचा काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर, गर्भ साधारण साडेपाच महिने, पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे पिल्लाला सर्वांत जास्त दूध लागतं ते नेमकं करवंद-जांभळाच्या दिवसांत. पाऊस संपता संपता मादीचं अंग कसं आहे, यावर पुढचं सगळं वर्ष ठरतं.

उंबरमोळी

लावायचंच ठरलं तर असं लावा. वड, नांद्रुक आणि उंबराच्या मनगटाएवढ्या जाड, २ ते २.५ मीटर लांब फांद्या पहिल्या पावसाच्या तोंडावर काढा. एवढी लांबी असली की शेंडा शेळ्यांपासून जरा उंच राहतो. पानं सगळी उतरवा, वरच्या कापाला शेण-माती लिंपा, खालचा काप तिरका घ्या म्हणजे बुडखा-शेंडा उलटा लागणार नाही. ६० सेंटिमीटर खोल पुरा आणि माती पायाने घट्ट दाबा, आत पोकळी राहिली की मुळी धरत नाही. पाणी साचतं तिथे बुडखा कुजतो, म्हणून उतार निवडा. ऑक्टोबरपासून बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या, पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्याला पाणी.

सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या घेऊ नका. ती सगळी रोपं मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतात आणि एकाच वेळी फळण्याची शक्यता वाढते, मग वर्षभर काहीतरी पिकलेलं असावं हा हेतूच गेला. निदान आठ-दहा वेगवेगळ्या झाडांच्या घ्या, तीही वेगवेगळ्या महिन्यांत फळणाऱ्या. कोणतं झाड कधी फळतं, हे वेण्णाकाठ यांनी सांगितलेल्या नोंदींच्या वहीतूनच कळेल, म्हणून आधी एक वर्ष नोंदी आणि मग लागवड.

पिंपळ मात्र विहीर, भिंत, बांध यांपासून लांब. आणि सगळी लागवड शेताच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या आत. बांधावर उंबर लावलात तर टोळीला शेतात उतरायची पायरीच मिळते.

बत्तीस_शिराळा

म्हणजे या पावसात फांद्या नाहीत, फक्त वही. पायवाट, झाडांचे क्रमांक आणि घेर मे संपायच्या आत उरकतो, पहिली फेरी १ जूनला. उंबराला तीन रकाने, वडाला पावलं, शेतातल्या भेटींना वेगळी वही. पावसात कागद भिजतो म्हणून पेन्सिल आणि प्लास्टिकच्या पिशवीतली पाटी घेतोय. आमच्या टापूत नांद्रुक कमी, पायर जास्त आहे. ती याच गटात धरायची ना?

उंबरमोळी

हो, पायर याच कुळातली. प्रत्येक झाड नकाशावर घ्या आणि पालवीचा रकाना तिच्यासाठी विसरू नका, तिची कोवळी पानंही वानरं आवडीने खातात.